पेटीची डावी बाजू

आमच्या घरात, आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेक मराठी व कानडी घरांतही, संगणकाच्या पत्र्याच्या पेटीला 'सीपीयू' असे म्हणतात. वास्तविक सीपीयू म्हणजे त्या पेटीच्या आत, पंख्याखाली दडलेली, तळहाताच्या खळग्यात मावेल एवढी चिप. आपल्या साहित्यशास्त्राने लक्षणेचे उदाहरण म्हणून 'मंच ओरडत आहेत' हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या वापरले. ओरडतात ती मंचावरची माणसे. पण आधाराचे नाव घेऊन आधेय सुचवायचे, अशी ती रीत. येथे नेमके उलटे घडले आहे. आधेयाचे नाव आधाराने पळवले आहे, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. दुकानदार तेवढा 'कॅबिनेट' म्हणतो. इंग्रजीत तिला केस म्हणतात. छापखान्यातला जुळारी ज्या खणाखणांच्या लाकडी पेटीतून खिळे उचलत असे तिलाही आपल्याकडे केसच म्हणत. तेव्हा हा शब्द मराठी अक्षरांना तसा नवा नाही.

मी आयुष्यभर साहित्य शिकवले आणि त्याविषयी लिहिले. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य'पासून (१९५५) रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'पर्यंत (१९७४) आशय आणि आकृती यांच्या नात्याची जी चर्चा मराठीत झाली, तिच्या छायेत माझी पिढी वाढली. हे दोन शब्द आम्ही इतके हाताळले की त्यांचे कंगोरे गेले. आकृती हे आशयावर चढवलेले वस्त्र नव्हे, हे विधान मी वर्गात किती वेळा केले असेल याची गणती नाही. मात्र वस्त्र नव्हे तर मग ती काय, या प्रश्नाला माझी उत्तरे नेहमी पुस्तकी असत. गेल्या वर्षी यशवंतपुरात एका जुन्या पेटीच्या पत्र्याला भोके पाडण्याचे काम निघाले, आणि तो प्रश्न पुस्तकाबाहेर आला.

ही पेटी १९९५ साली बेळगावात आमच्या घरी आली. त्या काळी संगणक विकत घेत नसत, जुळवून घेत. आत चारशेशहाऐंशी जातीची चिप, वेग ६६ मेगाहर्ट्‌झ. तो माझ्यासाठी आला नव्हता. माझी पत्नी शाळेत मराठी शिकवीत असे, आणि सुट्टीच्या दिवशी बेळगाव, खानापूर व चंदगड या तालुक्यांतल्या खेड्यांत हिंडून बायकांच्या बोलण्यातले शब्द टिपून घेत असे. स्वयंपाकघर, गोठा, शेत, बाळंतपण, मर्तिक. कोणत्याही विद्यापीठाने तिला हे काम दिलेले नव्हते. टिपणे चिठ्ठ्यांवर असत. शब्द, अर्थ, गाव, सांगणारीचे वय. चिठ्ठ्यांनी बुट्ट्या भरल्या तेव्हा तिने भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढली आणि ही पेटी आणली. बुट्टी हा शब्द मी तिच्याकडूनच उचलला. पुण्यात वाढलेल्या मला तोवर टोपली पुरत असे.

त्या संगणकाचे मराठी हे एका कार्डावर अवलंबून होते. पुण्याच्या सी-डॅक या १९८८ साली स्थापन झालेल्या संस्थेने 'जिस्ट' नावाचे कार्ड तयार केले होते. ते पेटीच्या आतल्या लांब काळ्या खाचेत बसवले की इंग्रजीखेरीज काही न जाणणारा डॉस देवनागरी दाखवू लागे. अक्षरे साठवण्यासाठी 'इस्की' ही संहिता होती; भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली तिला मानकाचे रूप दिले. तिची कल्पना मला आजही सुंदर वाटते. सर्व भारतीय लिप्यांची वर्णमाला मुळात एक, म्हणून 'क'चा संकेतांक देवनागरीत, कानडीत, तेलुगूत एकच. पडद्यावरचा मराठी मजकूर लिपी बदलून कानडीत पाहता येई. बेळगावात या सोयीचे महत्त्व निराळे सांगायला नको. तिच्या शाळेतल्या कानडी शिक्षिका आमच्याकडे येत, पडद्यावरचे मराठी शब्द आपल्या लिपीत वाचत आणि "हा तर आमचा" असे म्हणून हसत. 'हुडकणे' हा त्यांपैकी एक. सीमेवरची भांडणे बाहेर चालू असत. आत एक कळ दाबली की लिपी बदलत असे.

कळफलक 'इन्स्क्रिप्ट' पद्धतीचा होता. स्वर डाव्या हाताकडे, व्यंजने उजव्या हाताकडे. 'क' इंग्रजी 'के'वर, पण 'च' अर्धविरामाच्या कळीवर, आणि पाय मोडायचा हलन्त 'डी'वर. टंकलेखनयंत्रावर अर्धा 'श' शोधायची सवय असलेल्यांना ही पद्धत प्रथम विचित्र वाटे, कारण येथे अर्धे अक्षर अस्तित्वातच नाही. पूर्ण व्यंजन, मग हलन्त, मग पुढचे व्यंजन, जोडणी यंत्राने करायची. पत्नीने या कळांचा तक्ता एका पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराच्या जाड कागदावर शाईने काढला आणि पेटीच्या डाव्या बाजूला चिकटवला. पेटी तिच्या उजव्या हाताला मेजावर उभी असे, म्हणजे पेटीची डावी बाजू तिच्याकडे. चार महिन्यांत तक्त्याची गरज संपली. तो तेथेच राहिला.

पेटीच्या दर्शनी बाजूविषयी येथेच सांगून टाकतो, कारण तिची मौज पुन्हा सांगायला मिळणार नाही. समोर 'टर्बो' नावाचे एक बटन होते आणि त्याच्या वर हिरव्या प्रकाशात दोन आकडे दिसत, ६६. आलेगेले लोक तो आकडा आदराने पाहत. घरी येणाऱ्या एका तंत्रज्ञाने एकदा पेटी उघडून दाखवले की तो आकडा कशाचेही मोजमाप करीत नाही. आकड्यांच्या पाटीमागे सुयांची एक रांग असते. त्यांवर इवल्या टोप्या ज्या रीतीने चढवाव्यात तो आकडा दिसतो. जुळवणाऱ्याने ६६ लावला म्हणून ६६. त्याने ९९ लावला असता तर तोही तितक्याच विश्वासाने चमकला असता. मराठी पुस्तकांच्या मलपृष्ठांवर मी जन्मभर जे मजकूर वाचले, आणि संकोचाने सांगायचे तर काही लिहिलेही, त्यांची आठवण मला त्या क्षणी झाली.

निवृत्तीनंतर, २०१८ साली, आम्ही मुलाकडे बेंगळुरूला आलो. पेटी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमधून, चादरीत गुंडाळून, पत्नीच्या पायांशी आली. यशवंतपूर हे नाव मराठी कानाला चटकन आपले वाटते, पण गाव आपले व्हायला वेळ लागतो. एका अंगाला रेल्वेचे मोठे स्थानक, दुसऱ्या अंगाला बाजार समितीचे यार्ड, त्यापुढे म्हैसूर सँडल साबणाचा कारखाना. त्याच्या नावाचे मेट्रो स्थानकच आहे. मालमोटारींची धूळ आणि चंदनाचा वास एकाच वाऱ्यावर येतात. थोडे दक्षिणेला, मल्लेश्वरम्‌च्या कडेला, किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना होता. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या लक्ष्मणरावांच्या घराण्याने १९४६ साली बेंगळुरूत विजेच्या मोटारी बनवायला घेतल्या, आणि आज त्या जागी उंच इमारती व मॉल उभा आहे. बेळगावहून आलेल्या माणसाला असले धागे उगीचच धीर देतात.

२०१९च्या पावसाळ्यात पत्नी गेली. शेवटच्या दोन महिन्यांतही ती पेटीसमोर बसत असे, मात्र लिहीत फारसे नसे.

त्यानंतर मुलाने पहिले काम केले ते पेटीतली डिस्क काढून तिच्यातले सर्व आपल्या संगणकावर उतरवून घेण्याचे. इस्कीतला मजकूर युनिकोडमध्ये आणणे अवघड नसते. युनिकोडने १९९१ साली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या रूपावरून उचलली होती. नियम लावला की अक्षरामागून अक्षर नव्या घरात जाऊन बसते. मी दोन आठवडे तपासत होतो. माझी भीती एकच होती, 'वऱ्हाड', 'दुसऱ्या', 'पोऱ्या' यांतल्या त्या चंद्रकोरीसारख्या 'र'ची. छापखान्यांनी आणि सुरुवातीच्या संगणकी टंकांनी त्या अक्षराचे हाल केले आहेत. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला भेद ज्यांना दिसत नाही त्यांनी मराठी छापू नये, असे पत्नी म्हणे. तिच्या फायलींत तो 'र' जेथे हवा तेथे होता, आणि नव्या घरातही तो तसाच उतरला. एकही हरवला नाही.

म्हणजे आशय सुखरूप बाहेर पडला. राहिली पेटी. काही महिन्यांनी तिने चालणे सोडले. त्या काळच्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, घड्याळ चालू ठेवण्यासाठी एक लहान बॅटरी डाखाने जोडलेली असे. वर्षांनुवर्षे ती पाझरते, आणि पाझरलेला क्षार तांब्याच्या बारीक वाटा खाऊन टाकतो. आमच्या पाटीवर हिरवट-पांढरी बुरशी आल्यासारखे दिसत होते. मुलगा म्हणाला, "बाबा, आता ही भंगारात द्यायला हरकत नाही. सगळं कॉपी झालंय." त्याच्या बोलण्यात काही चूक नव्हती. किंबहुना माझ्याच वर्गातल्या व्याख्यानांचा तो व्यवहारातला निष्कर्ष होता. लेखकाचे हस्ताक्षर, त्याचा टाक, त्याचे मेज यांचा साहित्यकृतीशी संबंध नाही. कृती म्हणजे संहिता. हे मी शिकवले होते आणि आजही मला ते खोटे वाटत नाही. तरी मी त्याला हो म्हटले नाही. पेटी चार वर्षे माझ्या खोलीत कपाटाशेजारी उभी राहिली.

तोड काढली ती नातीने. ती पी.यू.सी.ला आहे, संगणकाचे सुटे भाग तिला पाठ आहेत. "आजोबा, पेटी तीच ठेवूया. आतलं सगळं नवं." मला लिहायला यंत्र हवेच होते. तिच्या वयाची मुले पेट्यांत असे बदल करतात, इतकेच नव्हे तर ती एक कलाच मानतात, हे मला तिच्याकडून कळले. मूळ हौशीचे नव्हते, गरजेचे होते. १९९८च्या सुमारास इंटेलची तीनशे मेगाहर्ट्‌झची स्वस्त सेलेरॉन चिप साडेचारशेवर पळवता येते असा शोध जगभरच्या हौशी लोकांना लागला. अशी पळवली की ती तापे, म्हणून लोकांनी पेट्यांना भोके पाडून पंखे बसवले. भोक पाडलेच आहे तर तेथे पारदर्शक खिडकी का नको, खिडकी आहे तर आत दिवा का नको, असे होत होत आज बाजारात मिळणाऱ्या निम्म्या पेट्यांची एक बाजू काचेची आणि आत रंगीबेरंगी आरास. नातीलाही काच हवी होती. मी नकार दिला. आमच्या कादंबरीत निवेदकाने आपल्या निवेदनाची यंत्रणा वाचकाला उघडी करून दाखवण्याची रीत आली, तीही प्रारंभी अशाच कोंडलेल्या उष्णतेतून आली होती. पुढे तिची खिडकी झाली, आणि खिडकीत दिवे लागले. आत पाहण्याजोगे काही चालले आहे की नाही, याची विचारपूस मागे पडली.

काच आम्हां दोघांच्या वादातून बाद झाली नाही. ती बाद केली शेजारच्या फोरमननी. एचएमटीच्या टूलरूममध्ये त्यांनी तीस वर्षे काढली. १९५३ साली या शहरात सुरू झालेल्या त्या कारखान्याने देशाला आधी लेथ आणि मग मनगटी घड्याळे दिली. घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली होती. जालहळ्ळीचे क्वार्टर सोडून ते आमच्या गल्लीत आले, ते आपला व्हाइस, कानशींचा संच आणि मोजमापाची हत्यारे घेऊन. ते मला 'मेष्ट्रे' म्हणतात. कानडीत मास्तरांना असेच म्हणतात. त्यांनी पेटी दोन्ही हातांनी उचलली, हलवली, वाजवून पाहिली आणि म्हणाले, "मेष्ट्रे, पेट्टिगे चांगली आहे. पत्रा एक मिलिमीटरचा. आताच्या पेट्या बोटाने वाकतात." मग त्यांनी दाखवले की हिचे वरचे झाकण आणि दोन्ही बाजू मिळून उलट्या 'यू'च्या आकाराचा एकच सलग पत्रा आहे, मागे सरकवून तो अख्खा निघतो. त्यात काच बसवली तर त्याची ताठरता जाईल. नातीने त्यांचे म्हणणे निमूट ऐकले. माझे तिने तसे ऐकले नव्हते.

काम तीन रविवार चालले. त्याचे टप्पे मी थोडे विस्ताराने सांगणार आहे, कारण अशा कामाचे वर्णन आपल्या ललित गद्यात क्वचित येते, आणि आलेच तर हत्याराचे नाव सांगून लेखक पुढे पळतो.

अडचण अशी होती की पेटी एका व्यवस्थेची आणि आत यायचे ते दुसऱ्या. आमची पेटी घरात आली त्याच वर्षी, १९९५ साली, इंटेलने एटीएक्स नावाची नवी मांडणी जाहीर केली, आणि काही वर्षांत सारे जग तिच्याकडे वळले. जुन्या पेटीच्या पाठीला कळफलकाच्या गोल भोकाखेरीज पाटीसाठी काही नसे. नव्या मांडणीत पाटीच्या सगळ्या जोडण्या एका आयताकृती झरोक्यातून बाहेर येतात. त्याचे माप ठरलेले, सुमारे १५९ बाय ४४ मिलिमीटर. हा आयत कापायचा होता. नातीने निवडलेली नवी पाटी लहान, १७० मिलिमीटर चौरस; ही जातही आता जुनी झाली, २००१ सालची. ती चिकपेटेच्या स्थानकावर उतरून एस. पी. रोडच्या बाजारातून आणली. त्या गल्ल्यांतून चालताना संगणकाच्या सुट्या भागांच्या शेजारी नटबोल्टांची, वायरींची दुकाने लागतात. यंत्रयुगाचे दोन अध्याय तेथे एकाच पानावर छापल्यासारखे आहेत.

फोरमननी आधी पुठ्ठ्याचा साचा कापला. पत्र्यावर कागदी चिकटपट्टी लावली, तिच्यावर अणकुचीदार सुईने रेघा ओढल्या. आयताच्या चार कोपऱ्यांवर सेंटर पंचने हलके ठोके दिले. नाहीतर ड्रिलचे पाते पत्र्यावरून घसरते आणि ओरखडा कायमचा राहतो. प्रथम ३ मिलिमीटरचे भोक, मग ते मोठे, मग त्यातून हॅकसॉचे पाते घालून एकेक बाजू कापायची, आणि तीही रेघेच्या आत, रेघेवर नाही. उरलेला अर्धा मिलिमीटर कानशीचा. नात म्हणाली, रेघेवरच कापले तर कानस मारावी लागणार नाही. ते हसले आणि म्हणाले, कापलेली कड आणि घासलेली कड यांत फरक असतो, बोट फिरवून पाहा. तिने बोट फिरवले. पत्र्याचा बारीक कीस एका जुन्या रंगकामाच्या कुंचल्याने शेवटच्या कणापर्यंत झाडला. एखादा कण पाटीवर पडला तर दोन वाटा जोडल्या जातात आणि सारे संपते.

पुढच्या बटनाच्या बाबतीत ते फार काटेकोर होते. जुन्या पेटीत भिंतीतली २३० व्होल्ट वीज जाड तारेने थेट पुढच्या बटनापर्यंत येत असे. बटन दाबले की आत बसे, पुन्हा दाबले की बाहेर येई. यंत्र चालू आहे की बंद, हे अंधारात बोटाला कळे. नव्या व्यवस्थेत बटन केवळ एक खूण करते, मग पाटी ठरवते. त्यांनी जाड तार मुळापासून काढून टाकली आणि जुन्या बटनाच्या मागे स्प्रिंगचे छोटे बटन बसवले. आता ते दाबले की परत येते. मला त्याची सवय अजून झालेली नाही.

खरा प्रश्न हवेचा होता. जुन्या पेटीत विजेच्या डब्यातला ८० मिलिमीटरचा एकच पंखा होता आणि त्यावर तिचे भागत असे. आता १२० मिलिमीटरचा पंखा बसवायचा ठरले, कारण मोठा पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा हलवतो आणि आवाज करीत नाही. नातीने पेटीसमोर बसून, मनाशी काही मोजून, पेटीच्या डाव्या बाजूवर पेन्सिलीने वर्तुळ काढले. आत चिप जेथे येणार होती, बरोबर तिच्यासमोर. वर्तुळाचा मध्य कळांच्या तक्त्यावर होता.

तिने तो तक्ता पाहिला नव्हता असे नाही. तिच्या दृष्टीने ते एक पिवळे पडलेले कागदाचे आवरण होते. फोरमननी चिकटपट्टी लावण्यासाठी त्यावरून अंगठा फिरवला आणि थांबले. "मेष्ट्रे, याच्या खाली काही आहे." तक्ता तीनच कडांनी चिकटवलेला होता. वरची कड मोकळी होती. तो खिसा होता, आणि त्यात तीन चिठ्ठ्या होत्या.

पत्नीची पद्धत मला ठाऊक होती. शब्द संगणकात गेला की चिठ्ठी फाडायची. दोन ठिकाणी एक गोष्ट ठेवली की त्या भांडतात, असे ती म्हणे. ज्या शब्दाची खात्री झालेली नाही तो संगणकात जात नसे. तेव्हा या तीन चिठ्ठ्या म्हणजे डिस्कवर नसलेला मजकूर. मुलाने जे सगळे उतरवून घेतले, आणि मी जे दोन आठवडे तपासले, त्यात यांपैकी काही नव्हते. ती ज्याला पेटीच्या आत जाऊ देत नव्हती ते तिने पेटीच्या अंगावर ठेवले होते.

पहिल्या चिठ्ठीवर 'कोरड्यास', आणि पुढे: सगळ्या गावांत एकच अर्थ? दुसरीवर 'वैल / औल', म्हणजे चुलीच्या अंगाला जोडलेली दुसरी लहान चूल, जिला स्वतःचे जळण नसते. मोठ्या चुलीच्या पोटातून ठेवलेल्या वाटेने जी आच येते तिच्यावर कालवण शिजत राहते. खाली तिने लिहिले होते: कानडी 'ओले'शी नाते? खात्री करणे. तिसऱ्या चिठ्ठीवरचे पेन्सिलीचे अक्षर उडाले होते. वरचा शब्द गेला होता, अर्थही गेला होता. उजव्या कोपऱ्यात गाव तेवढे शाईने लिहिलेले, खानापूर.

आता येथे समीक्षकाने काय करायचे? तिच्याच रीतीने जायचे तर चिठ्ठ्या वाचाव्यात, मजकूर फाइलीत घालावा आणि कागद फाडून वर्तुळ कापावे. तिने एक क्षणही घुटमळ केली नसती. वस्तूंविषयी हळवी होणारी ती बाई नव्हती. कागद जपायचा तर तो तिच्या स्वभावाविरुद्ध जपायचा. आणि माझ्या शिकवणीप्रमाणेही हा कागद म्हणजे संहितेबाहेरचा अवशेष. पण तिसऱ्या चिठ्ठीने हा हिशेब बिघडवला. तिच्यातली संहिता नाहीशी झाली आहे आणि राहिला आहे तो कागदच. तो फाडला तर एक शब्द होता, एवढीही नोंद उरत नाही. आकृती म्हणजे काय, या प्रश्नाला मी वर्गात दिलेल्या कोणत्याही उत्तरात ही चिठ्ठी बसत नाही. आशय निघून गेल्यावरही काहीतरी होते असे सांगणारा हा एक चौकोन आहे. इतके मात्र मला म्हणता येते.

हे मी त्या दोघांना सांगितले नाही. फोरमन ड्रिल हातात घेऊन उभे होते. त्यांनी 'यू'चा पत्रा एकदा मागे सरकवला, पुन्हा बसवला, आणि नातीला म्हणाले की पंखा या पत्र्यावर बसवला तर त्याची तारही पत्र्याबरोबर येणार. पेटी उघडताना दर वेळी ती ओढली जाईल, एक दिवस तुटेल. शिवाय बाजूने आत घुसणारी हवा पुढून मागे जाणाऱ्या हवेला आडवी येते. थंड हवा पुढून, खालून घ्यावी. तापलेली मागून, वरून जाऊ द्यावी. त्यांनी 'वैल'ची चिठ्ठी वाचायला सांगितली होती, मी कानडीत अर्थ सांगितला होता. त्यांच्या गावाकडच्या घरात तशी जोडचूल होती. आईला त्या मधल्या वाटेतली राख रोज काढावी लागे, नाहीतर आच पलीकडे जात नसे, असे ते म्हणाले. तेवढे बोलून त्यांनी पेन्सिलीचे वर्तुळ ओल्या बोटाने पुसून टाकले.

कारण तांत्रिक होते. मला ते पुरेसे होते.

पुढची बाजू मात्र कष्टाची निघाली. तेथे डिस्कांचा पिंजरा रिव्हेटांनी पक्का केलेला होता. एकेक रिव्हेट ड्रिलने कोरून काढावी लागली. एवढ्या मोठ्या गोल भोकाचे पाते जवळ नव्हते, म्हणून फोरमननी वर्तुळाच्या आतल्या बाजूने लहान भोकांची माळ पाडली, छिन्नीने त्यांच्यामधले पूल तोडले आणि अर्धगोल कानशीने दोन तास कड घासली. कडेला रबराची पट्टी, पंख्यापुढे बारीक जाळी. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली की पेटीच्या फटींतून धूळ आत ओढली जात नाही. जी यायची ती जाळीवर अडते. यार्डाच्या मालमोटारींमुळे ती जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी लागते.

नातीची काच गेली, म्हणून तिने समोरचा आकडा मागितला. हिरव्या आकड्यांची पाटी अजून शाबूत होती. सुयांवरच्या टोप्या बदलून तिने बराच वेळ निरनिराळे आकडे लावून पाहिले, स्वतःचे वय, घराचा क्रमांक, आणि शेवटी ६६च परत लावला. मी तिला विचारले नाही का. गेल्या उन्हाळ्यात पारा ३५च्या आसपास असतानाही पेटीचा आवाज माझ्या खोलीत ऐकू येत नव्हता.

'कोरड्यास'चे काम झाले. बेळगाव आणि चंदगडकडच्या चार बायकांना दूरध्वनी केले. त्यांतल्या दोघींना पत्नी आठवत होती. अर्थ सगळीकडे एक नाही. कोणाकडे भाकरीबरोबरचे कोणतेही कालवण, कोणाकडे फक्त पातळ. ही नोंद तिच्या फाइलीत तिच्याच पद्धतीने केली, आणि चिठ्ठी फाडली. 'वैल' आणि 'ओले' यांचा निर्णय माझ्या आवाक्यातला नाही. धारवाडच्या एका कानडी भाषाशास्त्रज्ञांना पत्र लिहिले आहे, त्यांचे उत्तर यायचे आहे. तोवर ती चिठ्ठी तिसरीबरोबर तक्त्यामागे, पेटीच्या डाव्या बाजूला आहे. पेटी आता माझ्या उजव्या हाताला असते.